थायलर विषाणूचा प्रयोग: या चुका टाळा

मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात मज्जातंतूंवरचं मायलिन हे आवरण झडतं. विषाणूमुळे असं कसं घडू शकतं, हे उंदरांत अभ्यासायला थायलरचा विषाणू फार वर्षं वापरात आहे. मॅक्स थायलर यांना तो १९३० च्या दशकात सापडला. त्याच्या डीए या स्ट्रेनने (उपप्रकाराने) होणारा दीर्घकालीन मायलिननाश हॉवर्ड लिप्टन यांनी १९७५ मध्ये दाखवला.

प्रयोग बहुतेकदा पहिल्याच दिवशी बिघडतो, कारण उंदराचा वाण चुकतो. ब्लॅक सिक्स हा वाण हाताशी असतो म्हणून तोच घेतला जातो. पण त्याच्या सीडी८ टी पेशी (रोगप्रतिकारक पेशी) विषाणू साफ करतात आणि मायलिन शाबूत राहतं. सुरुवातीच्या दिवसांत त्याला झटके येऊ शकतात, त्यामुळे अपस्माराच्या अभ्यासाला तो उत्तम. मायलिनसाठी एसजेएल वाण घ्या. त्याच्या मज्जारज्जूत विषाणू ठाण मांडतो.

स्ट्रेनचंही तसंच. उंदीर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच दगावू लागले, तर विषाणूच्या कुपीवर डीए किंवा बीन या सौम्य स्ट्रेनऐवजी जीडीसेव्हन हा घातक स्ट्रेन तर नाही ना, ते बघा.

'चौदावा दिवस उलटला, पाय ठीक आहेत, प्रयोग फसला' असं म्हणू नका. एसजेएलमध्ये चालीतला ताठरपणा यायला महिना-दीड महिना लागतो. रोटारॉडचा (फिरत्या दांडीवर तोल सांभाळण्याच्या चाचणीचा) सराव आणि पहिली नोंद मात्र संसर्गाआधीच झालेली हवी. विषाणू मेंदूत टोचताना सुईनेही इजा होते, म्हणून विषाणूशिवाय नुसतं द्रावण टोचलेला गट ठेवाच.

आता स्लाइड. लक्सॉल फास्ट ब्लू या मायलिन रंगवणाऱ्या रंगात फिकट पट्टा दिसला की लगेच 'मायलिन गेलं' असं लिहिलं जातं. रंग जास्त धुतला गेला तरी तसाच पट्टा दिसतो. निरोगी उंदराचा छेद त्याच खेपेत रंगवा. शेजारच्या छेदावर न्यूरोफिलामेंट, म्हणजे अ‍ॅक्सॉनमधलं (मज्जातंतूच्या आतल्या धाग्यातलं) प्रथिन, बघा: अ‍ॅक्सॉन टिकून आवरण गेलं असेल तरच तो मायलिननाश, दोन्ही गेले असतील तर गोष्ट वेगळी. घाव विखुरलेले असतात, तेव्हा मज्जारज्जूचा एकच तुकडा पाहून निकाल देऊ नका.

विषाणूला बाहेरचं मेद आवरण नाही, त्यामुळे अल्कोहोलने टेबल पुसणं पुरत नाही, ब्लीच वापरा.

आणि आजारी उंदरांकडे रोज लक्ष द्या. पाय ताठरले की वरच्या जाळीतलं खाद्य त्यांच्या तोंडी पोचत नाही. ओलं खाद्य पिंजऱ्याच्या तळाशी ठेवा. लघवीवरचा ताबा जातो, म्हणून भुसा वेळेवर बदला. प्रयोग कधी थांबवायचा, हे नैतिक समितीच्या अर्जात आधीच लिहा आणि तसंच पाळा.