पासवर्ड बदलला तरी मेल बाहेर जातच होते

सरांचं ऑफिस शिवाजीनगर कोर्टाजवळ, मी ज्युनियर, त्यामुळे कॉम्प्युटरचं काहीही अडलं की हाक मलाच. मागच्या महिन्यात एका पक्षकाराचा फोन, "फीसाठी नवीन खातं नंबर पाठवलात ना?" आम्ही कुठे पाठवला! लगेच पासवर्ड बदलला, तरी दोन दिवसांनी दुसऱ्या पक्षकारालाही तसाच मेल. शेवटी जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग उघडलं तर तिथे एक अनोळखी पत्ता, वकीलपत्र, आधारच्या कॉप्या सगळं गुपचूप तिकडे चाललेलं, आणि हे पासवर्ड बदलून बंद होत नाही हे मला तेव्हा कळलं. पत्ता उडवला, फिल्टर बघितले (एकात 'पेमेंट' शब्द असलेला मेल थेट ट्रॅशमध्ये!), सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट, टू-स्टेप (पासवर्डनंतर फोनवरचा कोडही मागतं ते) चालू. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पक्षकारांना एकेक फोनही केले. सर कोडला वैतागतात, वैतागू देत.