विस्मयाची कथा सुचत नाही? या चुका टाळा

विस्मयावर कथा लिहायची म्हटलं की पाय आधी ब्रह्मगिरीकडे नाहीतर पावसाळ्यातल्या धबधब्याकडे वळतात. पहिली चूक इथेच होते. भव्य दृश्याने मन भरतं, पण कथेच्या हाती फारसं काही लागत नाही, कारण तिथे आपण थक्क व्हायच्या तयारीनेच गेलेलो असतो. मनातला एखादा पक्का समज मोडतो, तेव्हा खरा विस्मय होतो. म्हणून जागा शोधण्याआधी माणूस शोधा आणि तो काय गृहीत धरून जगतोय ते ठरवा.

नाशिकची पांडवलेणी घ्या. पायऱ्या चढून आलेले लोक मूर्तींपाशी फोटो काढून उतरतात. दहाव्या लेण्यात क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. त्यात ३००० कार्षापणांच्या, म्हणजे त्या काळच्या नाण्यांच्या, ठेवीचा हिशेब आहे! २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे (म्हणजे कारागिरांच्या संघाकडे), व्याज दरमहा शेकडा एक. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, पैसे द्यायचे. जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट.

आता इथे पतसंस्थेत मुदत ठेवीच्या पावत्या लिहिणारा एक कारकून आणून उभा करा. पाहुण्यांना लेणी दाखवायला आलाय, आणि आपलं काम म्हणजे नुसती रुक्ष आकडेमोड असं आयुष्यभर मानत आलाय. ‘मुद्दलाला हात लावायचा नाही’ हे वाक्य तो रोज काउंटरवर म्हणतो. तेच वाक्य दगडात कोरलेलं आहे, असं कोणी त्याला सांगितलं तर? मला तरी हजार सूर्यास्तांपेक्षा या भिंतीत जास्त कथा दिसतात.

दुसरी चूक म्हणजे गाडी अडली की भूत, स्वप्न किंवा साक्षात्कार आणणं. अशाने कथा गूढकथा होते. गूढ उत्तर मिळालं की संपतं, विस्मय उत्तर मिळाल्यावरही उरतो. त्यामुळे माहिती घ्यायला बिचकू नका. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात परदेशी बदकं येतात. ती कुठून येतात, का येतात, हे वाचून घ्या. अर्ध्या किलोच्याही आतलं बदक हजारो किलोमीटर उडून निफाड तालुक्यातल्या पाण्यावर उतरतं, हे कळल्यावर ते पाखरू लहान वाटत नाही.

‘तो अवाक् झाला’, ‘तिच्या अंगावर काटा आला’ ही वाक्यं पहिल्या खर्ड्यात येतातच. येऊ द्या, नंतर काढा. त्या जागी पात्र काय करतं ते लिहा. समजा, नुकतीच लग्न होऊन नाशकात आलेली मुलगी आहे. ऑगस्टचा पाऊस, गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं. सासूबाई फोनवर विचारतात, “कुठवर आलंय?” पलीकडून उत्तर येतं, “मारुतीच्या कमरेला लागलं.” तिला काहीच उलगडत नाही. संध्याकाळी गोदाघाटावर गढूळ पाण्यात उभा दुतोंड्या मारुती दिसतो, आणि अख्खं गाव देवाच्या अंगावरून पूर मोजतं हे तिच्या ध्यानात येतं. ती काही बोलत नाही, नकळत स्वतःच्या कमरेला हात लावून पाहते. एवढं पुरे.

लहान मूल नायक करण्याचा मोह शक्यतो टाळा. मुलाला सगळंच नवं असतं, त्याचा समज मोडायला फारसं काही नसतंच. साठीच्या माणसाला चकित करून बघा, तिथे लिहिणाऱ्याचा कस लागतो. आणि फिरताना नुसते मोबाइलवर फोटो काढू नका. कानावर पडलेलं एखादं वाक्य बोललं गेलं तसंच्या तसं टिपून ठेवा.

विस्मयाचा क्षण लिहून झाला आणि कथा तिथेच थांबली, ही तक्रार सर्रास ऐकू येते. अशा वेळी तो क्षण कथेच्या शेवटून उचलून मध्यावर आणा. पुढच्या सकाळी कारकून पुन्हा काउंटरवर बसतो, एक म्हातारी मुदतीआधी ठेव मोडायला येते, आणि आता तिच्याशी तो कसा बोलतो, तिथून पुढे लिहायला लागा.