मद्यपान करून वाहन चालवताना दुखापत केल्याचा आरोप: बचाव कसा उभारावा

अपघात घडताच पहिले कर्तव्य जखमीप्रती असते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 134 नुसार चालकाने त्याला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी आणि पोलिसांना कळवावे. पळून गेलेल्या चालकाची बाजू निष्णात वकिलालाही सावरणे कठीण जाते.

त्यानंतर एफआयआरची प्रत घेऊन कलमे तपासावीत. 1 जुलै 2024 पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचे कलम 125 (बेदरकारपणे किंवा हयगयीने इतरांचा जीव वा सुरक्षितता धोक्यात आणणे) लागू होते आणि दुखापत गंभीर ठरल्यास शिक्षा 3 वर्षांपर्यंत जाऊ शकते, म्हणून हाड मोडल्याचा दावा एक्स-रेवर टिकतो का, हे पाहावे.

खरी लढत रक्ताच्या नमुन्यावर होते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 185 मधील मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल अशी आहे. सुई टोचण्यापूर्वी कातडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली होती का, बाटलीत सोडियम फ्लोराइड होते का (ते नसल्यास नमुना आंबून त्यातच अल्कोहोल तयार होऊ शकते), लाखेचे सील प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत शाबूत होते का आणि मधल्या काळात बाटली कोणाच्या ताब्यात होती, हे डॉक्टर व तपास अधिकारी यांना उलटतपासणीत विचारावे.

अल्कोहोल सिद्ध झाले, तरी बेदरकारपणा किंवा हयगय सरकार पक्षाला सिद्ध करावीच लागते. त्यासाठी घटनास्थळाचा पंचनामा, ब्रेकच्या खुणा आणि सीसीटीव्ही चित्रण महत्त्वाचे ठरते. चित्रण लवकर पुसले जात असल्याने ते जतन करण्याचा लेखी अर्ज तत्काळ द्यावा.