तिसरीतल्या मुलाची पहिली ‘स्टेट टेस्ट’: कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांनी तयारी कशी करावी

मार्चमध्ये घड्याळं तासभर पुढे गेली की शाळेची ईमेल येते: एप्रिल-मेमध्ये राज्याची परीक्षा आहे, त्या आठवड्यांत सुट्टी घेऊ नका. माझी लेक तिसरीत असताना ही ईमेल आली आणि मी त्याच संध्याकाळी सरावाची तीन पुस्तकं मागवली. आम्ही नवरा-बायको दोघंही चौथीच्या शिष्यवृत्तीला बसलेले, त्यामुळे परीक्षा म्हणजे रोज एक प्रश्नपत्रिका हे आमच्या अंगात मुरलेलं. तिसऱ्या आठवड्यात लेकीचं पोट रोज संध्याकाळी दुखायला लागलं. पुस्तकं बाजूला ठेवली आणि तिच्या शिक्षिकेला जाऊन भेटले. तिथून पुढे, आणि नंतर धाकट्याच्या वेळी, जे उपयोगी पडलं ते असं.

१. परीक्षा कोणाची आहे, ते आधी स्वतः समजून घ्या

२०१५ च्या केंद्रीय शिक्षण कायद्यानुसार अमेरिकेतल्या प्रत्येक राज्याला तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा घ्यावी लागते. कॅलिफोर्नियात ती ‘स्मार्टर बॅलन्स्ड’ या नावाने होते, शाळेत तिला ‘कास्प’ म्हणतात. पाचवीला विज्ञानाची भर पडते. इथे गुणवत्ता यादी नाही, आणि पुढच्या वर्गात जाणं या गुणांवर अडत नाही. मोजमाप मुख्यतः शाळेचं होतं. राज्याच्या डॅशबोर्डवर, म्हणजे शाळांची कामगिरी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, शाळेला लाल ते निळा असा जो रंग मिळतो, घर शोधताना आपण ज्या रेटिंगकडे बघतो, त्यामागे हेच निकाल असतात. काही ठिकाणी सहावीला गणिताचा गट ठरवताना हे गुणही बघतात. तुमच्याकडे तसं आहे का, ते शाळेत विचारा.

मुलाला एवढंच सांगा: “तुला काय येतं ते शाळेला बघायचंय. येईल तेवढं नीट कर.”

२. सराव परीक्षा आधी तुम्ही द्या

परीक्षेच्या संकेतस्थळावर सराव परीक्षा फुकट असते, पाहुणा म्हणून लॉगिन करता येतं. मुलाला बसवण्याआधी स्वतः अर्धा तास ती सोडवा. चारपैकी एक पर्याय निवडण्यापुरते हे प्रश्न नसतात. कुठे दोन-तीन उत्तरं निवडायची, कुठे आकडे ओढून जागेवर ठेवायचे, कुठे उतारा ऐकून उत्तर द्यायचं. मग मुलासोबत दोन-तीन वेळा बसा. तेवढं पुरतं.

इथे एक गोष्ट मुलाला नक्की सांगा, कारण माझ्या लेकीला ती कोणी सांगितली नव्हती. परीक्षेचा मोठा भाग उत्तरांप्रमाणे बदलत जातो: बरोबर उत्तर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो. म्हणजे हुशार मुलालाही न येणारे प्रश्न भेटणारच. वर्गात सगळं येणाऱ्या मुलाला वाटतं, आपण नापास होतोय. “अवघड आलं म्हणजे आधीचं तुला आलं” हे वाक्य परीक्षेच्या आधीच कानावर पडलेलं असलं तर रडू येत नाही.

बाकीचे नियम: वेळेची मर्यादा नाही. प्रश्न कोरा सोडून पुढे जाता येत नाही, पण उत्तर देऊन खूण करून ठेवता येते आणि त्याच भागात परत येता येतं. मात्र मधला थांबा वीस मिनिटांपेक्षा लांबला तर आधीचे प्रश्न पुन्हा उघडत नाहीत. तेव्हा खुणा केलेले प्रश्न मोठ्या सुट्टीआधी बघून घ्यायची सवय लावा. कच्च्या कामाला कागद मिळतो. पाचवीपर्यंत गणिताला कॅल्क्युलेटर नसतो.

३. टायपिंग: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

इंग्रजीच्या परीक्षेत एक लांब लेखनाचं काम असतं. दोन-तीन उतारे वाचायचे, टिपणं काढायची आणि त्यांच्या आधाराने लेख कीबोर्डवर लिहायचा. इथल्या अभ्यासक्रमात चौथीच्या मुलाने एका बैठकीत एक पान टाइप करावं अशी अपेक्षा आहे, पाचवीला दोन पानं. घरी टॅबवर बोट फिरवणारी मुलं शाळेत कीबोर्डसमोर अडतात. डोक्यात पाच वाक्यं असतात, पडद्यावर दोन उतरतात.

जानेवारीपासून रोज दहा मिनिटं पुरे. आमच्याकडे धाकटा आजी-आजोबांना रोज तीन ओळींची ईमेल लिहायचा, शाळेत काय झालं ते. आजी मराठीतून उत्तर पाठवायच्या, मी वाचून दाखवायचे. मार्चपर्यंत तो कीबोर्डकडे न बघता लिहायला लागला होता. शिवाय “का?” आणि “कशावरून?” विचारत राहा. लेखनात गुण मिळतात ते उताऱ्यातला पुरावा दिल्याबद्दल.

४. गणितात आपल्या घरातल्या खाचा बुजवा

पाढे आपल्या घरात पक्के असतात, आणि तिसरीला दहापर्यंतचे तोंडपाठ लागतातच. गडबड दुसरीकडे होते. आजोबा एक लाख १,००,००० असा लिहून दाखवतात, इथे तो १००,००० असतो. तिसरीला पट्टीवर पाव इंच मोजायला येतं, चौथीला पाउंड-औंस. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि शिंप्याची टेप यावर हे एका शनिवारात होतं.

५. भाषेचे आणि सोयींचे कागद वेळेत बघा

शाळेत नाव घालताना घरची भाषा विचारतात. ‘मराठी’ लिहिलंत की मुलाची इंग्रजीची वेगळी चाचणी होते, तिचं नाव ‘एल्पॅक’. त्यात मूल इंग्रजी शिकणारं ठरलं तर ती पुढेही दर वसंतात होत राहते, शाळा त्याला त्या गटातून बाहेर काढेपर्यंत. यात कमीपणा काही नाही, खरं ते लिहा. पण त्या मुलाचा वसंत दोन परीक्षांचा असतो हे ध्यानात ठेवून बाकीचे क्लास जरा सैल करा. भारतातून येऊन बारा महिने न झालेल्या अशा मुलाला इंग्रजीच्या परीक्षेतून सूट मिळू शकते, गणित मात्र द्यावं लागतं. गणितातल्या शब्दांचे अर्थ काही भाषांत मिळतात, पंजाबीतसुद्धा. मराठीत मिळत नाहीत.

मुलाचा आयईपी किंवा ५०४ आराखडा (विशेष गरज असलेल्या मुलासाठी शाळेने केलेली लेखी योजना) असेल तर प्रश्न वाचून दाखवणं, वेगळी खोली अशा सोयी परीक्षेआधी नोंदवलेल्या असाव्या लागतात. फेब्रुवारीतच शिक्षकांना विचारा. डोळे तपासून घ्यायचे असतील तर तेही तेव्हाच.

६. भारताची तिकिटं काढण्यापूर्वी तारखा विचारा

मे महिन्यातलं लग्न आणि परीक्षेचा आठवडा हमखास एकत्र येतात. राहिलेला भाग नंतर देता येतो, पण डिस्ट्रिक्टच्या (तुमच्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या कार्यालयाच्या) ठरलेल्या मुदतीतच.

७. त्या आठवड्यात

सराव बंद. साडेआठला दिवा मालवा. सकाळी नेहमीचंच खायला द्या, पोहे तर पोहे. डब्यात शेंगदाणा लाडू किंवा चिक्की देण्याआधी वर्गाचा ॲलर्जीचा नियम बघा. हेडफोन घरून न्यायचे असतील तर आदल्या दिवशी लावून बघा. घरी आल्यावर “किती बरोबर आले?” असं विचारू नका, मुलाला ते माहीतच नसतं.

८. निकाल आल्यावर

निकाल येतो तेव्हा बहुधा उन्हाळ्याची सुट्टी चालू असते. त्यात एक चार आकडी संख्या आणि चारपैकी एक पातळी असते. खालून तिसरी पातळी म्हणजे त्या इयत्तेचं अपेक्षित काम येतं. तिची सुरुवात इंग्रजीत तिसरीला २४३२ वर, चौथीला २४७३ वर, पाचवीला २५०२ वर होते. गणितात हेच आकडे २४३६, २४८५ आणि २५२८. सगळ्या इयत्तांची मोजपट्टी एकच आहे. म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना करण्याऐवजी आपल्याच मुलाचा मागच्या वर्षीचा आकडा शेजारी ठेवा. तिसरीचा निकाल असेल तर मागचा आकडा नसतोच, तो कागद जपून ठेवा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चौथीच्या शिक्षकांना भेटायला जाताना सोबत न्या.