ग्रिलमध्ये लावा पेंटास

पेंटास म्हणजे फुलपाखरांना बोलावणारं फुलझाड. त्याचं रोप घ्यायचं तर सकाळी दहा-अकराला, ऊन चढल्यावर नर्सरीत जा. ठाण्यात घोडबंदर रोडच्या कुठल्याही नर्सरीत लाल, गुलाबी, पांढरे पेंटास दिसतील. पाच मिनिटं नुसतं बघत उभे राहा आणि फुलपाखरं ज्या रोपावर पुन्हापुन्हा येतात तेच उचला. सगळ्या जातींत मध सारखा नसतो.

हे झाड मूळचं पूर्व आफ्रिका आणि येमेनकडचं, कॉफी आणि एक्झोराच्या कुळातलं. पाच पाकळ्यांच्या चांदण्यांचा गुच्छ येतो. प्रत्येक फुलाची नळी लांब आणि अरुंद असते, म्हणून तळाचा मध लांब सोंडेच्या फुलपाखरांना आणि शिंजीर पक्ष्यांना सोयीचा पडतो.

कुंडी 10 ते 12 इंची हवी. नर्सरीच्या चिकट लाल मातीत रोप तसंच ठेवू नका. दोन भाग माती, एक भाग गांडूळ खत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असं मिश्रण करा. रोज पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा द्या. बोट खुपसून पाहा, वरची माती सुकली असेल तरच पाणी घाला.

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. माझी पहिली दोन रोपं जुलैत गेली, कारण कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचून मुळं कुजली. पावसाळ्यात ताटली काढाच, कुंडी दोन विटांवर ठेवा आणि जोराच्या सरींत भिंतीकडे सरकवा. आणि मे महिन्यातच दोन-चार काड्या लावून ठेवा. फूल न आलेली चार इंची फांदी कापायची, खालची पानं काढायची, ओल्या कोकोपीटमध्ये खोचून सावलीत ठेवायची. तीनेक आठवड्यांत मुळं धरते.

वाळलेले गुच्छ खुडत राहा, नवे येतात. पिठ्या ढेकूण (पांढरी, पिठासारखी कीड) दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून काढा. कीटकनाशक मारू नका. ज्यांच्यासाठी झाड लावलं तीच त्याने मरतात.

शेजारी कढीपत्त्याची एक कुंडी हवीच. मध पेंटासवर मिळतो, पण कॉमन मॉर्मन फुलपाखरू अंडी घालतं ती कढीपत्त्यावर किंवा लिंबावर. पानं कुरतडलेली दिसली की अळी शोधा, आणि तिला तिथेच राहू द्या. फोडणीसाठी पानं दुसऱ्या फांदीवरून घ्या.