ओल्या पाटीचा वास : मेन्सिया चाखायची कशी?

स्पेनची रेड वाइन म्हटलं की रिओखा हा प्रदेश आणि टेम्प्रानियो हे द्राक्ष, ही नावं पुढे येतात. मेन्सिया (तिकडचा उच्चार ‘मेन्थिया’च्या जवळचा) हे द्राक्ष देशाच्या वायव्य कोपऱ्यातलं, बिएर्सो आणि रिबेइरा साक्रा भागातलं. हिची वाइन बरीच वर्षं साधी, गावातच पिऊन संपवायची मानली जाई. १९९९ मध्ये वाइन बनवणारे आल्वारो पालासिओस आणि त्यांचा भाचा रिकार्दो यांनी बिएर्सोतल्या कोरुयोन गावच्या उतारांवरचे जुने मळे हाताशी धरले, तेव्हापासून जाणकारांचं तिकडे लक्ष गेलं.

पहिल्यांदा घेताना लेबलवर ‘होवेन’, म्हणजे तरुण, पिंपात फारशी न मुरवलेली, असं लिहिलेली बाटली निवडा. ओकच्या पिंपाचा व्हॅनिलासारखा वास मध्ये आला की द्राक्ष ओळखू येत नाही.

मग तापमान. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा. आपल्याकडे ३० अंशांत नुसता अल्कोहोलचा भपका येतो. बाटली दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. १४ ते १६ अंश पुरे.

ग्लास एक तृतीयांशच भरा, दांडीला धरा आणि पांढऱ्या कागदावर तिरका करा. कोवळ्या मेन्सियाची कड जांभळट दिसते. रंगात याहून जास्त वेळ घालवू नका.

खरी मजा वासात. आधी ग्लास न हलवता हुंगा : चेरी, रासबेरी, डाळिंबाचे दाणे. आता गोल फिरवून पुन्हा हुंगा. व्हायलेटची फुलं, किंचित मिरी आणि त्यामागे काहीतरी दगडी. लहानपणी पाटी ओल्या फडक्याने पुसली असेल, तर तो वास लगेच सापडेल. गंमत म्हणजे तिथले उतार खरोखरच पाटीच्या दगडाचे आहेत. पण मुळं दगडाची चव शोषून द्राक्षात आणतात, हे विक्रेत्यांचं काव्य; त्यावर विश्वास ठेवू नका.

आता एक घोट तोंडात घोळवा. आंबटपणा जिभेच्या कडांना कळेल, तुरटपणा हिरड्यांना. हा तुरटपणा कोऱ्या चहाइतका कडक नसावा. घोट गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते तेही बघा.

दुसरा घोट खाण्याबरोबर घ्या. बिएर्सोत जोडीला बोतियो असतं : डुकराच्या बरगड्या आणि शेपटीचं मांस पाप्रिका लावून, आतड्यात भरून धुरावलेलं. ते नसेल तर साधं भाजलेलं मटण चालेल. झणझणीत रस्सा मात्र नको. तिखटाने अल्कोहोल घशाला जास्तच जाळतं.