केळीच्या धाग्याचं कॉम्पोझिट : ओल राहिली की माल गेला

रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीचा घड उतरला की खोडाचं करायचं काय, हा प्रश्न कायमचाच. त्याचा धागा पीएलए या वनस्पतींपासून बनणाऱ्या प्लास्टिकमध्ये मिसळून त्या मिश्रणाची, म्हणजे कॉम्पोझिटची, शीट किंवा फिलामेंट (थ्रीडी प्रिंटरची तार) काढायची कल्पना म्हणूनच चांगली आहे. पण पहिले नमुने हमखास बिघडतात, आणि गुन्हेगार बहुधा पाणी असतं.

उन्हात वाळवलेला धागा हाताला कोरडा लागतो. त्यावर विश्वास ठेवू नका. हवेतली ओल तो सतत ओढत असतो, त्यामुळे मिसळण्याआधी ओव्हनमध्ये 80 ते 100 अंशांवर काही तास ठेवून, गरम असतानाच हवाबंद डब्यात भरा. पावसाळ्यात तर डबा उघडा ठेवून चहाला जाणंही महागात पडतं. पीएलएचे दाणेही वाळवायलाच हवेत, त्यांत 0.025 टक्क्यापेक्षा जास्त ओल राहिली तर वितळताना प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात. शीटमध्ये बुडबुडे आले आणि ती वाकवताच कटकन मोडली, तर तापमानाशी खेळण्याआधी ओल तपासा.

रंग तपकिरी आणि वास जळक्या साखरेचा आला, तर मात्र तापमानच चुकलंय. पीएलए 170 ते 190 अंशांत नीट चालतं. 200 च्या वर धागा करपू लागतो.

आता तुटलेली कड भिंगाखाली धरा. धागे स्वच्छ, गुळगुळीत उपसून आलेले दिसले तर धाग्याची प्लास्टिकशी पकड बसलेली नाही. यासाठी सुमारे 5 टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात धागा काही तास भिजवतात. जास्त कडक द्रावण म्हणजे जास्त चांगलं, हा समज सोडा. त्यात धागाच कमजोर होतो. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. हातमोजे, चष्मा हवेतच. मग लिटमस बदलेनासा होईपर्यंत धुवा, कारण उरलेला अल्कली पीएलएलाही तोडतो.

धागा काही मिलिमीटरचाच कापा. लांब राहिला तर यंत्रात माल वितळवून पुढे ढकलणाऱ्या स्क्रूभोवती गुंडाळतो. बाहेरच्या सोपटांचा राठ आणि आतला मऊ धागा वेगळा ठेवा, नाहीतर दोन घाण्यांचा माल जुळत नाही.

आणि ‘परसातल्या खड्ड्यात कुजेल’ असं गिऱ्हाइकाला सांगू नका. पीएलएला साधारण 58 अंशांचं औद्योगिक कंपोस्ट लागतं. ‘कंपोस्टेबल’ छापायचं तर आयएस 17088 या भारतीय मानकाची चाचणी आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र आधी.